रविवारचा नवरा

"तुझं लग्न झालंय का?" साखरबाईने विचारलं.

लिफ्टवाला नुकताच लिफ्टच्या तळच्या खड्ड्यातून वर आला होता. कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर काळा फराटा, दातांत टॉर्च. त्याने टॉर्च काढला. "नाही."

"मग झालं म्हणून समज. हात धू. कपाटात इस्त्रीचा शर्ट आहे, तो चढव. ही तुझी बायको."

बायको सोफ्याच्या पाठीला टेकून उभी होती आणि हसू दाबत होती.

"घाबरू नका," ती म्हणाली, "मी कुणाला खात नाही. तुम्ही माझे तिसरे."

"पहिल्या दोघांचं... काय झालं?"

"गेल्या रविवारपर्यंत होता त्याला पेट्रोल पंपावर नोकरी लागली, न सांगता गेला. त्याच्या आधीचा सारखा खोकायचा. खोकणारा नवरा बघून कोण फ्लॅट घेणार?"

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली. ती तिच्या लक्षात आली, आणि लक्षात आली म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

भानगड अशी होती. इथे सतरा मजल्यांचा टॉवर होणार होता. सध्या चार मजल्यांचे खांब उभे होते आणि त्यांच्या गंजक्या सळया आभाळात घुसल्या होत्या. पण दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट सजवून तयार होता, आणि तिथवर नेणारी एक चकचकीत लिफ्ट. दर रविवारी लोक तो नमुन्याचा फ्लॅट बघायला येत. एकटं गिऱ्हाईक विचार करतं आणि विचार करणारं गिऱ्हाईक घरी जातं. म्हणून कंपनी दोन माणसं रोजावर ठेवायची. त्यांनी नवरा-बायको व्हायचं, खोल्यांतून फिरायचं, हरखायचं, 'हा आपल्यालाच मिळेल ना हो?' म्हणून काळजी करायची. ते ऐकून खऱ्या गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे जायचा. धंद्याच्या भाषेत याला डमी म्हणतात. सरळ भाषेत फसवणूक म्हणतात.

तिला सरळ भाषा येत होती. पण सोमवार ते शनिवार ती एका तपासणी केंद्रात रक्त-लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, दहा तास, उभ्याने. घरी आई, मामा, मामी, दोन खोल्या, आणि तिचं अंथरूण स्वयंपाकघरात, डोकं ओट्याखाली. रविवारचे पैसे आईच्या औषधाला जात. त्यासाठी ती दीड वर्ष सरळ भाषा गिळत आली होती.

पहिल्या दिवशी लिफ्टवाल्याने माती खाल्ली. गिऱ्हाईक आलं की तो शाळेत शिक्षा झाल्यासारखा ताठ उभा राही.

"अहो," ती लाडात आली, "पाळणा या कोपऱ्यात बसेल ना?"

"कुणाचा?" तो दचकला.

दारातलं म्हातारं जोडपं खो खो हसलं. "नवं लग्न दिसतंय," म्हातारा म्हणाला, आणि खाली जाऊन सही करून आला. मॅनेजर बाईला माणसं उगाच साखरबाई म्हणत नव्हती. तिने दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. "हाच नवरा कायम ठेवू गं. याचं बावळटपण खरं वाटतं."

पुढच्या रविवारी तो केस विंचरून आला.

गिऱ्हाइकं यायची होती. तो पलंगावर आडवा झाला आणि त्याचे पाय घोट्यापासून बाहेर लोंबू लागले. "हा पलंग आखूड आहे."

"हळू बोला. मुद्दाम आखूड केलाय, खोली मोठी दिसते. दारं काढलीत, तीही त्यासाठीच. टीव्ही पुठ्ठ्याचा आहे. नळाला पाणी नाही. खिडकीतली ती बाग म्हणजे फोटो, मागे ट्यूबलाइट."

"मग इथे खरं काय आहे?"

"एसी. आणि तुमची लिफ्ट."

"बस्स? एवढंच?" तो तिच्याकडे बघत राहिला.

तिने उगाचच एक उशी उचलली, थोपटली, परत तिथेच ठेवली.

महिन्याभरात तो तयार झाला. एवढा की तिलाच पुढचं वाक्य सुचेना. गिऱ्हाइकांसमोर ते वॉशिंग मशीनवरून भांडत. "तुमच्या आईला खोली पूर्वेची द्यायची," ती म्हणे, "त्यांना सकाळचं ऊन लागतं." तो म्हणे, "आणि तुला? तुला काय लागतं, ते सांग की कधी!" बायका कौतुकाने बघत, आपापल्या नवऱ्यांना कोपर मारत. आणि ती... ती लाजत असे. रोजावर लाजण्याचे वेगळे पैसे नव्हते. ते तिचं स्वतःचं होतं.

एक नियम होता. सोफ्यावर बसायचं ते गिऱ्हाईक असतानाच. कव्हर मळतं म्हणून. म्हणजे दोन माणसं आठवड्यातले सहा दिवस पाय मोडेस्तोवर उभी राहायची, आणि सातव्या दिवशी, जो सगळ्या जगाचा सुट्टीचा, आराम कसा दिसतो ते इतरांना दाखवायची. खऱ्या सुट्टीत मात्र दुपारी अर्धा तास, मागच्या कच्च्या जिन्यावर, सिमेंटच्या पायरीवर, मांडीवर डबा. आरामाचा धंदा करणाऱ्यांनी आरामाची ही व्यवस्था केली होती, आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं.

एकदा जेवताना तिरपा पाऊस आला. जिन्याला भिंत नव्हती. तो उठला, दुसऱ्या बाजूला जाऊन बसला आणि तिच्याशी लिफ्टच्या दोरांबद्दल बोलत राहिला. उठताना तिने पाहिलं. त्याची सबंध पाठ भिजली होती, तिच्या डब्यात एक थेंब नव्हता.

"शर्ट कंपनीचा आहे," ती कशीबशी म्हणाली. "साखरबाई ओरडतील."

"सांगेन, बायकोने रडवलं."

त्या रात्री ओट्याखाली तिला झोप आली नाही.

आठ महिने असे गेले. मग एक नर्स आली.

निवृत्त नर्स होती, हातात फुगलेली फाईल. लिफ्टवाला तेव्हा खाली लिफ्टच्या मोटारीला तेल देत होता. नर्स साखरबाईला शोधत वर आली आणि पावलं ऐकून, गिऱ्हाईक समजून सोफ्यावर बसलेल्या हिला बघून थबकली.

"तू! तूच ना ती?" नर्सचा आवाज चिरकला. "दोन वर्षांपूर्वी इथेच बसली होतीस. म्हणालीस, आम्ही पण घेतोय, शेजारी होऊ आपण. अगं, मी रिटायरमेंटचे सगळे पैसे घातले! जागेचा खटला चालू आहे म्हणे. एक वीट चढली नाही. आणि तू... तू अजून इथे बसलेलीच?"

साखरबाई धावत आली, "चला मावशी, गार पाणी घ्या," करत नर्सला खालच्या केबिनमध्ये घेऊन गेली. तिथे गेलेली माणसं मागच्या दाराने बाहेर जात. ही काही पहिली नव्हती. दोन वर्षांत तिने अशा फायली सहा-सात पाहिल्या होत्या. गेल्या आठ महिन्यांत लिफ्टवाला दर वेळी खड्ड्यात असे, आणि तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? आठवड्यात एकच दिवस तो खळी पडेपर्यंत हसायचा.

पण या वेळी तिने ठरवलं, सांगायचंच. पुढच्या रविवारी, जिन्यावर, डबा उघडायच्या आधी.

तो तिच्याआधीच जिन्यावर उभा होता. कंपनीचा नाही, स्वतःचा शर्ट, नवा. घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

"आधी माझं ऐका," ती म्हणाली.

"नाही, आज माझं. मी... म्हणजे असं बघ... किती दिवस मी तुझा रोजावरचा नवरा..." त्याने खिशातून एक कागद काढून तिच्या हातात दिला. "तोंडाने नाही जमत मला. वाच."

पावती होती. सातवा मजला, पूर्वेची बाजू. त्याच्या नावावर.

तिने पावती उलटी करून पाहिली.

"किती दिले?"

"माझी अकरा वर्षांची बचत. बाबांच्या फंडातले थोडे. त्यांनी सगळा जन्म दुसऱ्यांच्या दारात वॉचमन म्हणून काढला, म्हणाले, जा, आपलं दार घे." तो हसत होता. "मला वाटलं, तुझ्या आईलाही सकाळचं ऊन..."

"अरे मूर्खा!" ती ओरडली. आठ महिन्यांचं अहो-जाहो त्या एका शब्दात संपलं. "तू डमी आहेस! इथलं सगळं खोटं आहे हे तुला माहीत नव्हतं?"

"टीव्ही खोटा आहे हे माहीत होतं," तो हळूहळू म्हणाला. "पलंग, नळ, बाग. तू सांगितलंस. घरच होणार नाही, हे कुठे सांगितलंस?"

तिने सांगितलं. खटला, फायली, नर्स, मागचं दार, सगळं. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की त्याला वाकून ऐकावं लागलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसला.

"दर रविवारी तू या घराबद्दल बोलायचीस," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांना पटायचं. त्यात मीही उभा होतो ना गं."

तिने त्याला दंडाला धरून उठवलं आणि तडक साखरबाईच्या केबिनमध्ये नेलं.

साखरबाईने पावती पाहिली. क्षणभर तीही गडबडली, हे खरं. "वेडा आहेस का रे? आपल्या माणसाने कधी घ्यायचं असतं का? मला न विचारता काउंटरवर कसा गेलास?" मग तिने पेन उचललं, आणि परत ठेवलं. "रद्द करते. पूर्ण पैसे, आजच्या आज चेक. पण मलाही वर साहेबांना तोंड दाखवायचंय. आज तीन कुटुंबं आलीत. तिन्ही बुक करून द्या. संध्याकाळी चेक घ्या, आणि दोघं सुखाने जा. नाहीतर मग नियमाप्रमाणे अर्ज कर. नियमाप्रमाणे किती वर्षं लागतात, हिला विचार."

लिफ्टमध्ये दोघंच होते. दोनच मजले, पण ती लिफ्ट मुद्दाम सावकाश चालायची.

"करायचं," ती म्हणाली. "ऐकतोयस ना? शेवटचं करायचं. पाप माझ्या माथी. मी दोन वर्षं केलंय, आणखी एक तास केल्याने मी काही जास्त काळी होत नाही."

तो लिफ्टच्या जमिनीकडे बघत होता. "या लिफ्टचा खड्डा उथळ आहे," तो म्हणाला. "सतरा मजल्यांची लिफ्ट या खड्ड्यावर चालूच शकत नाही. आठ महिने मी त्यात उतरतोय. माझा धंदा आहे तो. मला दिसत होतं. मला बघायचं नव्हतं."

दार उघडलं.

दोन कुटुंबं हॉलमध्ये किमतीचे कागद वाचत होती. तिसरं जोडपं स्वयंपाकघरात होतं. शिंपी आणि त्याची बायको. त्याच्या बोटाला सुयांच्या खुणा, तिला सातवा-आठवा महिना. ती ओट्यावरून तळवा फिरवत होती, इकडून तिकडे, परत इकडे. लहान बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ताई," शिंप्याच्या बायकोने हिला विचारलं, "तुम्ही घेताय का? आमचं काही ठरेना. हे म्हणतात, दुकानाची दोन्ही मशीनं विकावी लागतील."

हॉलमधल्यांनीही माना वळवल्या. दारात साखरबाई येऊन उभी राहिली.

ती नवऱ्याकडे, तिच्या रविवारच्या नवऱ्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडे पाहिलं असतं तर तिला जमलं नसतं. तिने श्वास घेतला. अकरा वर्षं. वॉचमनचा फंड. तिने तोंडभर हसू आणलं.

"हो तर! आम्ही सातव्या मजल्यावर—"

"नका घेऊ," तो म्हणाला.

"अहो..." तिने त्याची बाही खेचली.

"नका घेऊ. आम्ही नवरा-बायको नाही. हे बोलायचे आम्हाला पैसे मिळतात. मी लिफ्टचं काम करतो, ही बिल्डिंग वर जाणार नाही. जागेवर खटला आहे. मशीनं विकू नका." तो जोरात बोलला नाही. गिऱ्हाइकांसमोर ताठ उभा राहिला, पहिल्या दिवसासारखा. "माझे स्वतःचे सगळे पैसे यात अडकलेत, म्हणून सांगतो."

शिंप्याच्या बायकोने ओट्यावरचा हात उचलला आणि पदराला पुसला. हॉलमधल्या एकाने कागद टेबलावर टाकला. मग सगळ्यांचे आवाज एकदम उठले. साखरबाई त्या आवाजांत शिरताना दोघांच्या कानाशी म्हणाली, "चेक विसरा. चालते व्हा." तिच्या आवाजात साखर नव्हती, पण रागही नव्हता. दमलेलं माणूस बोलतं तशी बोलली.

बाहेर भर दुपार होती. फाटकापासून रस्त्यापर्यंत ती भराभर त्याच्या पुढे चालली. मग एकदम उसळली.

"अकरा वर्षं! अकरा वर्षं फेकून दिलीस, आणि मी तिथे तुझ्यासाठी खोटं बोलत होते! तुझ्यासाठी! दुसऱ्या कुणासाठी बोलले असते का मी? डोकं आहे का तुला?"

"माझ्यासाठी?"

"मग काय साखरबाईसाठी?" तिचे डोळे भरले होते आणि ती ते मनगटाने रागारागाने पुसत होती. "दर रविवारी तू येईपर्यंत जिन्याकडे बघत बसते मी. तेवढं पुरे नव्हतं का तुला? फ्लॅट कशाला पाहिजे होता मध्ये?"

तो म्हणाला, "उद्या त्या नर्सबाईंचा पत्ता शोधतो. फायली एकत्र केल्या तर काहीतरी..."

"काही होणार नाही."

"नसेल होणार."

बस आली, थांबली, गेली. दोघांच्याही ती लक्षात आली नाही.

"बाबांना काय सांगशील?" तिने विचारलं.

"खरं सांगेन. मारतील." त्याने नव्या शर्टाची घडी चापटली. "मारलं तर बरं. गप्प बसले तर..."

"मी येते."

"कोण म्हणून?"

"जिचं ऐकून तू पैसे घातलेस, ती म्हणून. पुढचं त्यांनी विचारलं, तर त्यांना सांगेन."

"काय सांगशील?"

"त्यांना सांगेन म्हटलं ना! तुला कशाला हव्यात चौकशा?" ती चालू लागली होती. चार पावलांवर थांबली, मागे आली आणि त्याचा हात धरला. ग्रीसचा वास येणारा, थंड पडलेला हात. रस्त्यावर त्यांना बघायला एकही गिऱ्हाईक नव्हतं.