जागेवर बसून राहिलेली दोघं

त्यानं माझ्याकडं पाणी मागितलं आणि मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं. आमची ओळख झाली ती अशी.

खरं सांगते, मुद्दाम नाही केलं. थंडी नुकती लागली होती. बावडा गावाच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. मी हिरव्या जाळीखाली रोपांच्या ट्रेंना पाइपनं पाणी देत होते. मागून कुणीतरी "ओ मॅडम…" म्हणालं, मी पाइपासकट वळले, आणि समोर एक उंच पोरगा डोळे मिटून, नाकावरून पाणी निथळत उभा.

"गाडीला पाणी पायजे हुतं," तो शांतपणे म्हणाला. "मला न्हाय."

मला हसू आवरेना. रस्त्यावर त्याची पिकअप वाफ सोडत उभी होती. मी त्याला बादली दिली, टॉवेल दिला, आणि आईनं आतून चहा पाठवला. नाव योना. मूळचा जळोचीचा, इथं आत्याकडं राहून भाड्यानं माल पोचवायचा. त्याच रविवारी तो आमच्या चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला बसलेला दिसला, आणि मी उगाचच ओढणी सारखी केली.

योना गातो अगदी मोकळ्या गळ्यानं, पण सगळ्यांच्या मागून. मंडळीचं गीत संपायचं, पेटी थांबायची, तरी याची शेवटची ओळ एकटीच चालू. पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. मीही हसायचे… पण हळूहळू मला त्या ओळीची सवय लागली. एखाद्या रविवारी तो नसला की गीत अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं.

पुढं आमची रोपं तोच पोचवू लागला. ट्रे उचलायचा तो तान्ह्या बाळासारखा, दोन्ही हातांनी. आमच्याकडं कामाला येणाऱ्या बायांची पुढारी कुशाबाई. ती मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "ह्यो रोपं न्हेतोय का नवरी?" माझे कान तापायचे आणि मी पाइप घेऊन लांबच्या ओळीकडं जायचे.

गाडी सुरू करायच्या आधी तो जरा वेळ डोळे मिटून बसायचा. पहिल्यांदा मला वाटलं, पेंगतोय. मी काचेवर टकटक केली.

"झोप लागली का?"

"प्रार्थना करतोय."

"एवढं काय मागता हो रोज?"

"ब्रेक जुने हायत," तो म्हणाला. "देवाला सांगून निघाल्यालं बरं."

असं सगळं छान चाललं होतं. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, आणि मग एक दिवस रामहरी तात्या रोपं बघायला आले.

तात्या आमचं जुनं गिऱ्हाईक, उसाचे मोठे बागायतदार. त्यांच्यासाठी ठेवलेली रोपं जरा जास्तच वाढली होती, मुळं ट्रेमध्ये गच्च भरलेली. अशी रोपं लावली तर बरीच मरतात. मी त्यांना तसं सांगून, पुढच्या खेपेपर्यंत थांबा म्हणणार होते. पण मी पलीकडं पाण्याची मोटार बघायला गेले आणि तेवढ्यात तात्यांनी योनाला विचारलं, रोपं कशी हायत?

"एकदम वेळेत हायत तात्या. डोळं झाकून घ्या," योना म्हणाला.

ते मी येता येता ऐकलं. तात्यांना खरं काय ते सांगितलं. ते मान हलवून, रोपं न घेताच गेले. आणि माझं डोकं असं फिरलं म्हणता… आमच्या घरात एकच नियम आहे. उपासनेत जे तोंड गातं, तेच तोंड गिऱ्हाइकाशी बोलतं. त्या नियमावर पप्पांनी ही नर्सरी उभी केलेली. सगळ्या बायांसमोर मी त्याला फाडफाड बोलले, आणि तोवरचं 'तुमी' पहिल्यांदाच गळून पडलं.

"रविवारी तोंड वर करून गातोस आन सोमवारी खोटं बोलतोस. तुझी प्रार्थना म्हणजे नुसता हॉर्न हाय, हॉर्न."

बाया फिस्सकन हसल्या. योनानं हातातला ट्रे जपून खाली ठेवला, गाडीत बसला आणि निघून गेला. त्या दिवशी त्यानं डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून दुसराच टेम्पो येऊ लागला. कुशाबाईनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "चूक त्याची हुती, पर चव्हाट्यावर धुणं तू धुतलंस, पोरी." मला पटलं होतं, पण जीभ वळेना. मी खरं बोलले होते ना? मग मीच का जाऊ? त्यातच शनिवारी आईनं बातमी आणली. योनाला लोणी देवकरच्या कारखान्यात काम मिळालंय, उद्याची उपासना झाली की सामान घेऊन चाललाय. मी पोळी करपवली.

आणि उद्याचा रविवार प्रभुभोजनाचा. आमच्या मंडळीत कुणाशी भांडण असलं तर ते मिटवल्याशिवाय भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा नाही, ही पद्धत. म्हणून महिन्याच्या त्या शनिवारी आमची माणसं सांजच्याला एकमेकांच्या दारात दिसतात. बांधाची भांडणं मिटतात, सासवा-सुनांची मिटतात. माझंच तेवढं राहिलं होतं. खोटेपणानं पुढं जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. ठरवलं, गुपचूप बसून राहायचं. एवढ्या माणसांत कुणाला कळतंय.

रविवारी पाळकसाहेबांनी भाकरीसाठी पुढं बोलावलं. ओळीच्या ओळी उठल्या. आईनं मला चिमटा काढला, मी मान खाली घालून हलले नाही. सगळी मंडळी वेदीपुढं गुडघे टेकून बसली, आणि बायकांच्या बाजूला भुंड्या माळावरच्या बाभळीसारखी मी एकटी उरले. हळूच नजर वर केली…

पुरुषांच्या बाजूला योना बसला होता. तोही एकटा.

एकेक डोकं मागं वळू लागलं. आधी माझ्याकडं, मग त्याच्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाळकसाहेबांनी हातातली थाळी खाली ठेवली.

"मंडळी, जरा थांबू या," ते म्हणाले. "भाकर कुठं पळून जात न्हाय."

पुढून कुण्या आजीचा आवाज आला, "लवकर मिटवा गं बाई, गुडघं दुखत्यात." सगळं चर्च खुसखुसलं. मी उठून बाहेर आले. चपलांच्या ढिगापाशी तोही येऊन उभा राहिला.

"मी तात्यांच्या घरी जाऊन आलो," तो म्हणाला. "खोटं बोललो म्हणून माफी मागितली. पुढच्या खेपंला रोपं तुमच्याकडनंच न्हेणार हायत."

"मग आत बसून का राहिलात?"

"तात्यांशी मिटलं. तुमच्याशी कुठं मिटलंय?" तो चपलांकडं बघत राहिला. "तुमचं नुकसान व्हईल म्हणून तोंडातून गेलं. चुकलंच माझं."

"मी त्याहून जास्त चुकले," मी म्हणाले. "चारचौघांत तुमच्या प्रार्थनेला हॉर्न म्हणाले. माफ करा मला. मला… तुमी नव्हता तेव्हा करमत नव्हतं."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "पुन्हा 'तुमी' नको. तेवढं भांडणातलं 'तू' राहू दे."

मी ओढणीनं डोळे पुसले. मग म्हणाले, "लोणीला गाडी घेऊन जाणार ना? ते जुने ब्रेक आधी बदलून घे."

"ते नाताळातच बदललेत."

"मग त्यानंतर रोज डोळे मिटून काय मागत होतास?"

योनाच्या कानाच्या पाळ्या लालबुंद.

"तुलाच," तो म्हणाला. "आधी ब्रेक मागायचो, ते मिळालं. मग म्हटलं, मागून बघावं."

मी नुसता हात पुढं केला, आणि त्यानं तो धरला, ट्रे धरायचा तसाच, दोन्ही हातांनी. मग मी विचारलं, कारखान्यात इथं यायला रविवारची सुट्टी मागितलीस का? म्हणाला, कामाच्या आधी तीच मागितली.

आतून तीच आजी खाकरली. आम्ही आत गेलो. तो त्याच्या बाजूनं, मी माझ्या. मी शेजारी गुडघे टेकले तेव्हा आईनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण ती ओठ दाबून हसत होती. पाळकसाहेबांनी भाकर मोडली.

शेवटचं गीत झालं. पेटी थांबली, मंडळी थांबली, आणि नेहमीसारखी योनाची ओळ मागं राहिली. त्या दिवशी मीही ती त्याच्यासोबत गायले.