गोफणगोळा

आपली बायको पुष्पावती गेल्याचं कळलं तेव्हा रामहरी पांढरीच्या टेकाडात गुडघ्यांवर बसला होता, आणि त्या वेळी तो खुशीत होता. पुढं त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या गोष्टीची.

कोल्हारच्या वरच्या अंगाला, प्रवरेच्या काठाशी गोरक्षचं रान आहे. उसाच्या कडेला एक टेकाड. जुन्या काळची वस्ती मोडून पडली की घरांची माती पांढरट होत जाते, म्हणून गावोगाव अशा टेकाडाला पांढरी म्हणतात. गोरक्षनं ट्रॉलीला वाट करायला टेकाडाची एक बाजू जेसीबीनं कापली आणि कापलेल्या मातीत तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराचा जळका कूड उघडा पडला. रामहरी कॉलेजात इतिहास शिकवायचा. प्राचीन काळातली युद्धं हा त्याचा विषय, त्यातही गोफण. गोरक्षनं त्यालाच आधी बोलावलं.

कुडाच्या बाहेरच्या अंगाला, भाजून लाल झालेल्या मातीत, लिंबाएवढा एक गोळा रुतून बसला होता. तोही भाजल्या मातीचा. रामहरीनं जागेवरच त्याचे फोटो घेतले, मग चाकूच्या टोकानं तो हळूहळू मोकळा केला.

"ह्यानं मान्सं मारत हुते व्हय सर?" गोरक्ष म्हणाला. "आमची आजी असल्याच गोळ्यानं ज्वारीवरची पाखरं हाकायची. एकदा आज्याला लागला, तर आठ दिवस उजवा कान धरून बसला हुता."

"हाच तर वाद आहे," रामहरी हसून म्हणाला. "सगळे म्हणतात पाखरांचे गोळे. पण पाखरासाठी कुणी घरावर गोळा मारतं का?"

पंधरा वर्षं तो हेच म्हणत आला होता. असीरियाच्या राजांनी कोरून घेतलेल्या लढायांत तिरंदाजांच्या मागं गोफणवाले उभे दिसतात. ग्रीक लोक शिशाचे गोळे ओतत आणि शत्रूसाठी त्यावर शब्द उठवत. काहींवर नुसतं 'घे' एवढंच असे. आपल्याकडचे गोळे मात्र लढाईचे आहेत यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं, कारण घरावर मारलेला गोळा कुणाला सापडलाच नव्हता. आता तो त्याच्या तळहातावर होता. त्याच्यावर शब्द नव्हता. ओला असताना कुणीतरी अंगठ्यानं दाबलेला एक खळगा होता, आणि खळग्यात अंगठ्याच्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या.

फोन वाजला. शेजारच्या रतनबाई होत्या.

"भाऊ, घरी या."

"काय झालं?"

"तुमी या आधी."

गोळा खिशात टाकून तो गोरक्षच्या मोटारसायकलवर मागं बसला. घरासमोर चपलांचा ढीग बघितल्यावर वेगळं काही सांगायची गरज पडली नाही. पुष्पावती ओट्याशी पडली होती. रतनबाई पदर तोंडाशी धरून एकच सांगत होत्या, "पानी पानी करीत हुत्या. मी तांब्या भरला, तवर मान टाकली. थेंब गेला न्हाई हो तोंडात."

संध्याकाळच्या आत प्रवरेच्या घाटावर नेलं. मुलगी आरती पुण्याहून आली होती. मुलगा नसल्यानं रामहरीनंच मडकं खांद्यावर घेतलं. प्रेताभोवती एक फेरी झाली की मागून कुणीतरी खड्यानं मडक्याला भोक पाडायचं, म्हणजे पाण्याची धार लागते. तो खडा टाकत नाहीत. त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या खड्यात असतो, रोज त्याला पाणी द्यायचं, आणि दहाव्याला तो नदीत सोडायचा.

"खडा घ्या," गुरुजी म्हणाले.

घाट नवा होता. सगळीकडं फरशी, एक दगड हाताला लागेना. पुष्पावतीचा भाऊ ज्ञानेश्वर रामहरीचा काढलेला शर्ट हातात धरून उभा होता. त्याच्या हाताला खिशातलं काहीतरी टणक लागलं.

"हा हाय की," असं म्हणून त्यानं गोळा काढला आणि मडक्यावर मारला.

रामहरीच्या खांद्यावरून पाणी गळू लागलं. पुढं पुष्पावती होती, तोंड अजून उघडं होतं. रामहरी मात्र मान वळवून मागं बघत होता. गोळा फुटला तर नाही ना, हे बघत होता. फुटला नव्हता. त्याला बरं वाटलं.

घरी कोनाड्यात पिठावर दिवा ठेवला आणि शेजारी पांढऱ्या चिंधीत बांधून गोळा. रोज सकाळी त्याला पाणी द्यायचं काम रामहरीचं. पहिल्या दिवशी त्यानं तांब्या कलता केला आणि हात थांबला. कच्ची भाजणी होती. दहा दिवस पाणी पडलं तर खळग्यातल्या रेषा झिजणार. त्यानं पाणी शेजारच्या ताटलीत सोडलं. आरती मागं उभी होती, तिला दिसलं नाही. पुढं रोज तो तसंच करत राहिला.

दहाव्याच्या सकाळी, आरती आंघोळीला गेली असताना, त्यानं अंगणातला एक खडा चिंधीत बांधला. गोळा कापसात गुंडाळून अभ्यासाच्या टेबलाच्या खणात ठेवला. मनाशी म्हणाला, मातीचा गोळा आहे. त्यात काय असणार? आणि पुष्पालाही आपलं काम माहीत होतं.

तिला ते माहीत होतं, हे खरंच होतं. म्हणूनच ते मनात आणताना त्याला स्वतःची किळस आली.

घाटावर प्रवचन झालं, दोन-तीन जण श्रद्धांजलीचं बोलले. ज्ञानेश्वरनं चिंधी गुरुजींकडं देताना हातात तोलून पाहिली.

"दाजी, हलका झाला की हा."

गुरुजी म्हणाले, "दहा दिवसांत जीव हलका होतोच."

लोकांनी माना डोलावल्या. रामहरीनं खाली बघितलं.

पिंडाला कावळा शिवेना. आरतीला अंतर देणार नाही, असं ज्ञानेश्वरनं मोठ्यानं सांगितलं. पुष्पावतीच्या आवडीच्या शेंगोळ्या आणून ठेवल्या. घाटावर कावळाच नव्हता, एकही. ऊन तापलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

घर सारवायला मागं राहिलेल्या रतनबाई दारातच भेटल्या.

"भाऊ, तुमच्या त्या पुस्तकाच्या खोलीत काय ठिवलंय का खायाचं? कावळे लई माजलेत. सकाळपून गजावर बसून आत बघत्यात. काठी हाणली तरी हालंनात."

आरती सुट्टी संपवून पुण्याला गेली. घरात एकटा रामहरी राहिला आणि त्यानं पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं. प्रकाशकाचे फोन येत होते, मुखपृष्ठावर त्या गोळ्याचाच फोटो घालायचा होता.

एका सकाळी स्वयंपाकघरात पाणी दिसलं. माठाच्या खांद्याला भोक होतं, लिंबाएवढं, गोल. खापरी खाली पडलेली नव्हती. मांजर असेल, तो म्हणाला. बाजारातून नवा माठ आणला. तोही एका सकाळी तसाच, त्याच जागी.

रतनबाईंनी भोकात बोट फिरवून पाहिलं. "माठ फुटला तर चिरतो भाऊ. हे कुनी टोचल्यावानी हाय."

"भाजणी कच्ची असेल."

"दोन्हीची? एकाच जाग्याला?" त्यांनी ओलं बोट पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "वहिनींचं समदं नीट केलं ना हो तुमी?"

"केलं ना. तुम्ही सगळे होताच की."

त्यानं माठ आणणं बंद केलं आणि स्टीलचं पिंप आणलं. पिंपाला काही झालं नाही. पण त्या आठवड्यात टेबलाचा खण घट्ट बसला. जोर लावून ओढला तर आतली लाकडाची फळी फुगलेली, कागद भिजलेले, कापूस पिळावा इतका ओला. गोळा तेवढा कोरडा होता. कोरडा, आणि उन्हात ठेवलेल्या खापरासारखा तापलेला.

रामहरी पुरावा बघून बोलणारा माणूस. त्यानं भिंग काढलं, खिडकीशी नेऊन गोळा पाहिला. खळग्यातल्या रेषा होत्या तशाच होत्या. त्यांच्यावरून मात्र एक तिरकी ओळ गेली होती, नखाएवढी लांब.

त्यानं टेकाडात काढलेले फोटो मोबाईलवर मोठे करून पाहिले. सगळ्यांत खळगा स्वच्छ होता. ओळ नव्हती.

पुष्पावतीच्या उजव्या अंगठ्यावर अशी ओळ होती. लहानपणी माहेरी घास कापताना विळा लागलेला. चहाचा कप पुढं करताना ती रोज दिसायची. तीस वर्षं दिसली.

त्या दिवशी त्यानं वाटीत पाणी घेतलं आणि गोळा त्यात ठेवला. पाणी बघता बघता खाली गेलं. त्यानं पुन्हा भरलं. तेही गेलं. दुपारपर्यंत तो तिथंच बसून वाटी भरत राहिला. शेवटी पाणी काठाशी टिकलं तेव्हा स्वयंपाकघरात, ओट्याच्या बाजूला, कुणीतरी मोठा श्वास सोडल्यासारखं झालं. जाऊन पाहिलं तर नळ नीट बंद होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजी बाजारात भेटले. त्यानं वळसा घालून विचारलं, "जीवखडा समजा बदलला गेला, तर?"

"बदलला कसा जाईल? हरवला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तोवर जीव तिथंच अडकून राहतो असं म्हणतात. का हो सर?"

"काही नाही. पुस्तकासाठी माहिती."

"लिहा लिहा," गुरुजी म्हणाले. "आता कोण विचारतं हे?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. आरतीला, ज्ञानेश्वरला बोलवायचं, घाटावर जायचं. एका सकाळचं काम होतं. फक्त त्या दोघांसमोर सांगायला लागलं असतं की तुझ्या आईच्या, तुझ्या बहिणीच्या जागी मी अंगणातला खडा सोडला. आणि तिला दहा दिवस पाणी दिलं नाही. हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

मग तो एकटाच गेला. भर दुपार होती, नदीला धरणाच्या आवर्तनाचं पाणी सुटलं होतं, घाटावर एक बाई लांब गोधड्या धूत होती. शेवटच्या पायरीवर बसून त्यानं गोळा हातात धरला. अंगठा आपोआप खळग्यात बसला. आधी तो बसत नसे, खळगा लहान होता. हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

"पुष्पा, चुकलं," तो म्हणाला.

मूठ उघडली.

गोळा पडला नाही.

खळग्यातून त्याच्या अंगठ्याला काहीतरी टेकलं. मऊ होतं. पाण्यापेक्षा गरम होतं.

मग आतून त्याचा अंगठा दाबला गेला.

जोरात नाही. चहाचा कप हातात देताना, समोरच्यानं नीट धरलाय ना, हे बघायला दाबतात तेवढंच.

त्याला हात सोडवून घेता आला असता. पाण्याला ओढ होती, बोटं उघडी होती. त्यानंच मूठ मिटली.

धुणारी बाई वळून बघत होती. "काय घावलं का हो?" तिनं ओरडून विचारलं.

"नाही," रामहरी म्हणाला आणि ओला हात खिशात घालून घरी आला.

आता वाटी ओट्यावर असते. सकाळी ती रिकामी झालेली असते, रामहरी ती भरतो. त्याच्या उजव्या अंगठ्यावर एक तिरकी ओळ उमटली आहे. साबणानं जात नाही. रतनबाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, विळी लागली. प्रकाशकाला त्यानं सांगितलं की गोळा हरवला. ज्ञानेश्वर दिवाळीला येऊन गेला, दोन दिवस राहिला, वाटीकडं बघत चहा प्यायला. आरती दर रविवारी फोन करते आणि विचारते, अण्णा, जेवलात का. तो हो म्हणतो.

तिला अजून सांगितलेलं नाही. पुष्पावतीचा जीवखडा नदीत सोडायचा राहिला आहे.