सगळ्यात मोठं उत्तर

ट्रामच्या दारात आम्ही दोघं एकदमच घुसलो, आणि त्याच्या कॉफीने माझा स्वेटर न्हाऊन निघाला.

"देवा रे! माफ कर... तूही प्रोग्रामिंगच्या वर्गालाच ना?"

"निघाले होते. आता वसतिगृहाच्या धुलाईखोलीत नंबर लावायला जाते."

तो हसला — आणि त्या सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मोन्स त्याचं नाव, माझं तूवा. गोथेनबर्गच्या विद्यापीठात तो माझ्याच मागच्या बाकावर बसायचा. भारी आळशी! प्रोग्राममध्ये माहितीचा नवा प्रकार तयार केला, की त्याखाली एक ओळ टाकायची आणि त्यातले पर्याय छापायचे कसे, त्यांत लहानमोठं ठरवायचं कसं, सगळं कंपायलरकडून, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या यंत्रणेकडून, आपोआप करून घ्यायचं.

"यंत्र लिहितंय, मग मी हात कशाला दुखवू?"

"एक दिवस तोंडघशी पडशील."

"तू आहेस की उचलायला."

एवढं बोलायचा... आणि पुढे काहीच नाही. बर्चच्या झाडांना पालवी फुटली. रविवारी चर्चमध्ये स्तोत्र गाताना माझा सूर भलतीकडेच जाऊ लागला. मोन्स शुक्रवारी उट्रेख्टच्या विद्यापीठात कायमचा निघून जाणार होता. मलाही तिथे जागा मिळत होती, पण त्याने विचारल्याशिवाय जायचं कसं?

गुरुवारी दुपारी दालचिनीचा बन कुस्करत त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "हे चालव ना, तूवा."

पडद्यावर लिहिलं होतं — उत्तर म्हणजे हो, कदाचित किंवा नाही. त्यातलं सगळ्यात मोठं छाप. आणि वर प्रश्न: तूवा माझ्यासोबत येईल का?

मी कळ दाबली. उमटलं — नाही.

मोन्स पांढराफटक. "असं कसं? 'हो' तर मी सगळ्यांत आधी लिहिलं होतं!"

हसू की रडू! "अरे वेड्या, लहानमोठं ठरवणं यंत्रावर सोडलंस ना? ते लिहिलेल्या क्रमाने चढत जातं. पहिलं सगळ्यात लहान, शेवटचं मोठं."

मी 'हो' उचलून शेवटी नेलं. कळ मात्र दाबली नाही.

"दाब ना गं..."

"नाही. एवढं तरी यंत्राकडून करून घेऊ नकोस. तोंडाने विचार."

तो उठला, बसला, पुन्हा उठला. कान लालबुंद.

"तूवा... मला तू फार आवडतेस. येशील?"

देवा, हेच तर मागत होते मी तुझ्याकडे, प्रत्येक रविवारी!

"येईन," मी म्हटलं. "पण प्रवासात कॉफी मी धरणार."