हाइदोच्या चुलीतला पाव

सार्जंट स्टामेलोस लाम्ब्रिनीला घेऊन दुपारी छावणीतून निघाला, तेव्हा काम तसं साधंच होतं. वर जाऊन एका घरात डोकावायचं आणि परत यायचं. ग्रामोसच्या डोंगरातली गावं लष्करानं वसंतातच रिकामी केली होती, बंडखोरांना भाकरतुकडा मिळू नये म्हणून. माणसं खाली छावणीच्या तंबूंत, वर नुसती घरं. त्यातल्याच एका धुराड्यातून आज धूर निघताना दिसला होता. ते घर लाम्ब्रिनीचं होतं.

"मावशी, तुझा पोरगा आत असेल तर हाक मारून बाहेर काढ," सार्जंट म्हणाला. "हात वर करून आला तर जगेल. नाहीतर संध्याकाळी तोफा घर पाडतील. मला हे काही नकोय गं. मला नुसती झोप हवीय."

"मलाही," ती म्हणाली.

तिचा झिकोस गेल्या वर्षी बंडखोरांत गेला होता. स्वखुशीनं की बंदुकीच्या धाकानं, हे तिला कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. या यादवीनं ती इतकी थकली होती की कोण जिंकतं याच्याशी तिला काडीचं देणंघेणं उरलं नव्हतं. पोरगा जिवंत हवा, बस्स.

पायवाटेच्या दोन्ही कडांना सुरुंग पेरलेले. म्हणून ती, सार्जंट आणि मागचे दोन शिपाई मधोमध, एकामागे एक चालले. धुकं उतरत होतं. गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. पण चौकात शिरताच वास आला... ताज्या भाजलेल्या पावाचा.

"आहे कुणीतरी..." एक शिपाई कुजबुजला.

दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. कडीवर कोळ्याचं जाळं. खिडक्यांवर तिनंच ठोकलेल्या फळ्या. किल्ली तिच्या गळ्यात होती.

"झिकोस... बाळा, मी आलेय रे. हे तुला काही करणार नाहीत..."

तिनं दार उघडलं. जमिनीवर धुळीचा थर होता आणि त्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. चुलीत मात्र निखारे फुललेले, आणि लोखंडी झाकणाखाली एक वाफाळता पाव. पावावर क्रुसाचा खोल ठसा होता, एका टोकाला तडा गेलेला.

लाम्ब्रिनीनं तो तडा ओळखला. तो ठसा तिच्या सासूचा. हाइदो म्हातारी एरवी साधेच पाव भाजायची. ठशाचा पाव भाजायची तो घरातल्या मयतासाठी, चर्चमध्ये द्यायला. तोही बातमी यायच्या आधीच. लाम्ब्रिनीचा नवरा दरीत कोसळला त्या दिवशी, तो घरातून निघायच्याही आधी, म्हातारी गुपचूप पीठ मळत बसली होती. ती म्हातारी उन्हाळ्यात छावणीतच वारली. पावावर मारायचा तिचा लाकडी ठसा तेव्हापासून सुनेच्या खिशात असे.

तिनं हे सांगितलं तेव्हा सार्जंटनं पावाकडे बघितलं.

"घरात आता कोण कोण उरलंय, मावशी?"

"आम्ही दोघंच. मी... आणि तो."

"आणि पाव..."

"एकच."

सार्जंटनं छातीवर क्रुसाची खूण केली. भुकेनं त्याच्या पोटात कावळे ओरडत होते, पण त्यानं पावाला हात लावला नाही.

उतरताना लाम्ब्रिनीनं मधली वाट सोडली आणि ती कडेच्या गवतातून चालू लागली.

"मावशी, सुरुंग आहेत तिकडे! वेड लागलं का तुला?"

"चालू दे रे मला," ती म्हणाली. "तो पाव माझ्यासाठी असेल तर बरंच आहे."

तिला ओढून आणायला जायची कुणाची छाती झाली नाही. ती प्रत्येक पाऊल दाबून टाकत होती. आई, माझाच भाजलात ना? मनातल्या मनात ती म्हातारीला विनवत होती. माझाच ना? ओलं गवत दबत होतं, खडे घरंगळत होते. बाकी काहीच होत नव्हतं.

छावणीचे कंदील दिसले तसा सार्जंट धावत आला आणि त्यानं तिचा दंड धरला. "वाचलीस गं मावशी! देवानंच वाचवलं तुला!"

ती तिथंच मटकन बसली. तिनं असा हंबरडा फोडला की तंबूतंबूंतून माणसं बाहेर आली.

कितीतरी वेळानं डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून तिनं खिशात हात घातला. दिवसभर खिशातून न निघालेला ठसा कोमट लागला. त्याच्या खाचांत ओली कणीक भरलेली होती, ती तिच्या बोटांना चिकटली.