ओहोटी लागेपर्यंत

"तिथे मूल हरवू देऊ नकोस," मैत्रेयी म्हणाली होती, "आणि हरवलंच, तर सापडल्यावर लगेच निघू नका. ओहोटी लागेपर्यंत बसा."

आम्ही राहतो त्या रिकार्टनच्या इंडियन दुकानात, कढीपत्त्याच्या पाकिटांपुढे उभं राहून ती हे म्हणाली. शिकत असताना तिने दोन उन्हाळे, आम्ही सुट्टीला जाणार होतो त्या सँडर्बीच्या एका मोटेलमध्ये खोल्या आवरायचं काम केलं होतं. का बसायचं, असं विचारल्यावर म्हणाली, तिथे सगळेच बसतात, मी कधी विचारलं नाही. आणि कोथिंबीर बघायला लागली.

मी हसण्यावारी नेलं. आमच्या ओळखीत घाबरट आई म्हणून मी प्रसिद्ध आहे. पाच वर्षांच्या मुलीला अजून द्राक्षं चिरून देते. सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा तिचा हात सोडत नाही. त्यावरून माझी चेष्टा होते आणि मला तिची सवय आहे. मला वाटलं, हीही त्यातलीच.

सँडर्बी आमच्यापासून गाडीने तीन तास दक्षिणेला, अगदी समुद्रावर आहे. जानेवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याच्या, पहिल्या शनिवारी आम्ही तिथे पोचलो. मी, माझा नवरा श्रीनाथ आणि आमची वल्लरी. मोटेलच्या टेबलावर गावाचं माहितीपत्रक होतं, ते मी सवयीने पहिल्या ओळीपासून वाचलं. एका इंग्रज लोकर व्यापाऱ्याची बायको इथे येऊन घरच्या समुद्रकिनाऱ्यासाठी झुरायला लागली, म्हणून त्याने तिचं गाव जसंच्या तसं इथे उभं केलं. समुद्रात शिरणारा लाकडी धक्का, बँडसाठी गोल मंडप, रंगीत केबिनींची रांग. दिव्यांचे खांबसुद्धा बोटीने आणवले. चाकांवरच्या खोल्या होत्या, घोडे त्या थेट पाण्यात ओढून न्यायचे, म्हणजे बायकांना कुणाच्या नजरेस न पडता समुद्रात उतरता यायचं. आता त्यातल्या एका खोलीत आइस्क्रीम मिळतं. पूर्वी रविवारी आगगाड्या भरभरून माणसं यायची आणि त्या गर्दीत मुलं हरवायची. त्यासाठी धक्क्याच्या पायथ्याशी एक पांढरी-निळी खोली बांधली गेली, ती अजून चालू आहे. पत्रकात गावची सात आकर्षणं दिली होती. हरवलेल्या मुलांची खोली सातवी.

त्या खोलीच्या भिंतीवर पितळी आकड्यांचा फलक होता. हरवलेली मुलं, १,८१४. सापडलेली मुलं, २,३९०.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, असलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही. श्रीनाथला म्हणाले, यांच्या फलकात बग आहे. तो म्हणाला, "एकावर एक फ्री असेल."

खोलीपुढे समुद्राकडे तोंड करून हिरवी बाकं होती. एका बाकावर एक कुटुंब बसलं होतं. मधे सहा-सात वर्षांचा मुलगा, अंगावर टॉवेल. आईने त्याचा हात धरला नव्हता, मनगट धरलं होतं. मुलाच्या हातातलं आइस्क्रीम वितळून कोपरापर्यंत आलं होतं आणि तो ते चाटत नव्हता. दोन तासांनी आम्ही परत त्या वाटेने आलो, तेव्हाही ते तसेच होते.

वल्लरी या देशातच जन्मली. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर कायम इंग्लिशमध्ये. पुण्याहून सासूबाई व्हिडिओवर विचारायच्या, जेवलीस का गं? तर ही म्हणायची, "यप, हीप्स." हो, भरपूर, असं इथलं इंग्लिश. मी मात्र तिच्याशी हट्टाने मराठीच बोलायचे. ते दोन दिवस त्या किनाऱ्यावर माझंच मराठी वाजत होतं. इकडे ये. पाण्यात जाऊ नकोस. टोपी घाल. आई इथे आहे, बघ. लोक वळून बघायचे.

तेव्हा तिचा खालचा पुढचा दात हलत होता. रविवारी सकाळी तिने तो जिभेने जवळजवळ आडवा करून दाखवला होता.

त्याच दिवशी दुपारी ती पिवळ्या टॉग्जमध्ये, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांत, माझ्यापासून दहा पावलांवर ओल्या वाळूत खणत होती. मी दर काही सेकंदांनी वर बघत होते. मधे एकदा पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तिचं झाकण घट्ट बसलं होतं.

वर बघितलं तर बादली होती. खोरं होतं. ती नव्हती.

त्यानंतरची अठरा मिनिटं मी लिहू शकत नाही. मी ओरडत होते, एवढं आठवतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून, एका जागी फिरत, सगळं मराठीत. मग धक्क्याकडून घंटा वाजली आणि लाइफगार्डने मला त्या खोलीकडे पाठवलं.

खोलीत डॉरीन नावाची म्हातारी बाई होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कोपऱ्यातल्या स्टुलावर वल्लरी होती. पिवळे टॉग्ज, केसांत वाळू, हातात न खाल्लेलं बिस्किट.

मी तिला छातीशी धरलं. कुठे गेली होतीस, म्हणत राहिले.

"आई इथे आहे, बघ," ती म्हणाली.

श्रीनाथ दारात थबकला. "ऐकलंस? मराठीत बोलली," तो म्हणाला. मी रडत होते आणि हसतही होते.

डॉरीनने माझा नंबर लिहून घेतला. म्हणाली, भरती चारनंतर उतरायला लागेल, तोवर बाहेर बसा, मी चहा आणते. मला मैत्रेयी आठवली. नाही आठवली, असं मी म्हणणार नाही. पण अडीच वाजले होते, श्रीनाथला सोमवारी आठला मीटिंग होती, आणि मला त्या समुद्रापासून लांब जायचं होतं. आत्ताच्या आत्ता. तिथे थांबा म्हणणाऱ्या बाईचा मला राग आला. ती पार्किंगपर्यंत आमच्या मागे आली. गाडीचं दार लावताना तिने एकदाच "प्लीज" म्हटलं.

गाडीत वल्लरी मराठीत बोलत होती. टोपी घाल, म्हणाली. इकडे ये, म्हणाली. चारच्या सुमारास मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंची सकाळची पूजा चालली होती. "अगं बाई, उच्चार बघ किती स्वच्छ," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

कॉल संपतोय तोवर दुसरा आला. चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. डॉरीन होती.

"तुमची मुलगी इथे आली आहे," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. मागे कुणीतरी लहान मूल हुंदके देत होतं.

मी मागे वळले. वल्लरी पट्टा लावून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

मला हसू आलं. मी म्हणाले, "नाही नाही, माझी मुलगी माझ्याजवळ आहे. ती माझी नाही. दुसऱ्या कुणाची असेल, तिच्या आईला शोधा बिचारीच्या."

पलीकडे हुंदके थांबले.

"नक्की ना?" डॉरीनने विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हणाले.

पुढचा आठवडा कौतुकात गेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी वल्लरीला गराडा घातला. शकुमावशी म्हणाल्या, विभा, काय खायला घालतेस ते सांग, माझ्या नातवाला देते. वल्लरी त्यांना म्हणाली, पाण्यात जाऊ नकोस. सगळ्या हसल्या. मीही हसले.

दाताकडे लक्ष गेलं ते त्यानंतर. तो हलत नव्हता. मी बोटाने दाबून पाहिला, शेजारच्या दातांइतकाच घट्ट. डेंटिस्ट म्हणाली, हा दात कधी सैल झाल्याचं दिसत नाही, आईबाबांचा असा गैरसमज होतो कधीकधी.

मग मी माझ्या कामात करते तेच केलं. वही केली. ती जे बोलेल ते लिहायचं, वेळेसकट. बारा दिवसांत तेवीस वाक्यं झाली. त्यातलं प्रत्येक मी त्या किनाऱ्यावर, शनिवार दुपार ते रविवार दुपार, तिला उद्देशून बोलले होते. चाल माझी, हेल माझा. जे मी घरी म्हणते, वरण सांडू नकोस, आजीला नमस्कार कर, ते तिला माहीतच नव्हतं. तेराव्या दिवसापासून ती तेही ऐकून दुसऱ्या दिवशी म्हणायला लागली.

आंघोळीच्या वेळी टबात बसून ती पाण्याशी बोलायची. "वल्लरी, इकडे ये." थोडं थांबायची. "वल्लरी, इकडे ये."

बाकी सगळं जुळत होतं. मानेवरचा तीळ, उंची, रक्तगट. श्रीनाथला न सांगता मी बाहेरून डीएनए चाचणी करून घेतली. अहवालाप्रमाणे ती माझीच आहे. शेवटी श्रीनाथला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, "विभा, तुला तिनं मराठी बोलायला हवं होतं ना? बोलतेय. आता त्याचंही टेन्शन घेणार?" मग माझ्या डॉक्टरला फोन केला आणि मी चिंतेसाठी घेते त्या गोळीचा डोस वाढला.

मार्चमध्ये एका मंगळवारी तिला शाळेत सोडून मी एकटीच सँडर्बीला गेले. किनारा रिकामा होता. डॉरीन खोलीच्या पायरीवर बसून विणत होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तुम्ही फार लवकर गेलात."

ती जे बोलली ते सरळ सांगते. काही मुलं दोनदा सापडतात. आधी एक, आणि ओहोटी लागल्यावर दुसरं. म्हणून लोक बसतात. दुसरं येताना दिसलं की पहिलं उठतं आणि पाण्याकडे चालत जातं. त्याला कुणी अडवायचं नसतं. का, कधीपासून, ते तिला माहीत नव्हतं. तिच्या आधीच्या बाईलाही नव्हतं. फलकावर आकडे मात्र खरे लावतात.

"त्या दिवशी?" मी विचारलं.

"चार वाजून दहा मिनिटांनी आली. गुडघ्यांना वाळू. मुठीत दात होता, पडलेला. आईला दाखवायचाय, म्हणाली."

मी पायरीवर बसले.

पोलिसांना तिने बोलावलं होतं. त्यांनी चौकशी केली, कुणाचंच मूल हरवलेलं नव्हतं. ते आत आले तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि फरशी ओली.

"मग आता?"

डॉरीनने विणकाम मांडीवर ठेवलं. तिच्या कानात श्रवणयंत्र होतं. त्यामुळे तिला फोन कानाशी धरता येत नाही, ती तो टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलते. त्या दिवशीही तसंच होतं.

"ती टेबलाला टेकून उभी होती," डॉरीन म्हणाली. "तुमचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून डोळे पुसून."

मी काय बोलले होते, ते तिने मला सांगितलं नाही. गरज नव्हती.

ती अजून येते. रोज नाही. ओहोटी लागायच्या वेळेला खोलीच्या दारात उभी राहते. तुझ्या आईला फोन करू का, असं डॉरीनने विचारलं की "नो, थँक यू" म्हणते आणि धक्क्याखाली जाते.

मी आतापर्यंत सहा वेळा जाऊन बाकावर बसले आहे. दोनदा घरच्या वल्लरीला बरोबर नेलं, ती पाण्याकडे बघतसुद्धा नाही. माझं मनगट धरून बसते. मी तिथे असते त्या दिवशी दारात कुणी येत नाही.

म्हणून हे इथल्या मराठी मंडळींसाठी लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी या उन्हाळ्यात दक्षिणेला जाणार असाल, तर वाटेत सँडर्बीला थांबा. भरतीची वेळ बघून जा. पिवळे टॉग्ज आता तिला आखूड झाले असतील. किंवा नसतील, मला माहीत नाही. तिच्याशी मराठीत बोला, तिला सगळं कळतं. उत्तर ती इंग्लिशमध्ये देईल. तीच खूण समजा. माझं नाव लगेच काढू नका.

आणखी लिहिलं असतं. पण मी टाइप करतेय तसं घरची वल्लरी शेजारी बसून मोठ्याने वाचते आहे, एकही अक्षर न अडखळता. तिला देवनागरी मी अजून शिकवलेली नाही.

तेव्हा एवढंच करा. तिच्याजवळ गुडघ्यांवर बसा, विचारा, बाळा, थंडी वाजतेय का? आणि ती काय म्हणाली, ते मला कळवा.