चौदा नंबरची माती

माती काढायचं गिरमिट जमिनीत रुतलं, आणि वर आलं ते एक कोवळा मुळा घेऊनच.

"अजून पंधरा दिवसांनी आला असतात ना," मागून आवाज आला, "तर खाण्याजोगा तरी मिळाला असता."

मी दचकून वळले. कपाळावर चढवलेला काळा गॉगल, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग, आणि चेहऱ्यावर... दाबून ठेवलेलं हसू. नदीकाठचा रंगाचा कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली होती. आता तिथे बाग होणार होती. मी मातीचे नमुने घ्यायला आले होते, आणि नकाशावरचा चौदा नंबरचा ठिपका नेमका त्याच्या आईच्या भाजीच्या वाफ्यात पडला होता. तो स्वतः कारखान्याच्या शेडचं लोखंड गॅसने कापायच्या कामावर होता. लहानपणी भोंग्याची हुबेहूब नक्कल करायचा, म्हणून सगळे त्याला भोंग्याच म्हणत.

कामगारांच्या खोल्यांच्या ओळीत आता त्यांचंच एक घर उरलं होतं. बाकीचे केव्हाच पांगले होते. वाफा उकरला म्हणून त्याची आई रागावली नाही. उलट मला आत नेऊन जेवायला वाढलं. तोच मुळा धुऊन ताटात ठेवला आणि म्हणाली, काढलाच आहेस तर खाऊन बघ.

मग रोज काहीतरी निमित्त निघू लागलं. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या पिशव्या धरायला येई आणि चिठ्ठ्यांवर मुद्दाम चुकीचे आकडे घाली. तू चिडलीस की छान दिसतेस, असं एकदा बोलून गेला, आणि कान लाल करून शेडमध्ये पळाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

एका दुपारी भुरभुर पाऊस आला. कारखान्याच्या नदीकडच्या धक्क्यावर, पत्र्याखाली आम्ही उभे होतो. खांद्याला खांदा लागत होता — कुणीच सरकलं नाही. तो सांगत होता, त्याच्या लहानपणी नदी सोमवारी जांभळी असायची, तर गुरुवारी पिवळी. उद्याचा रंग कोणता यावर तो आणि धाकटी बहीण पैज लावायचे. ती बहीण सोळाव्या वर्षी गेली. मूत्रपिंडं निकामी झाली. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

"बाग झाली की..." तो म्हणाला आणि थांबला.

"झाली की काय?"

"तुझं इथलं काम संपेल. मग कुठल्या निमित्ताने भेटायचं, ते शोधतोय."

"निमित्त कशाला हवं?"

पाऊस थांबला तरी आम्ही तिथेच उभे होतो.

पुढच्या आठवड्यात तपासणीचे आकडे आले. चौदा नंबरच्या मातीत शिसं आणि कॅडमियम, मर्यादेच्या तीसपट. मी पुन्हा तपासलं. आकडा हलला नाही. पुरुषभर खोल माती उपसावी लागणार होती, आणि आराखड्यात राखून ठेवलेली ती खोल्यांची ओळही आता पाडावी लागणार होती.

मी त्याला शेडमागे गाठून सगळं सांगितलं. हे विष भाजीत उतरतं का, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं. शरीरात कुठे जातं, विचारलं. मूत्रपिंडात, मी म्हणाले... आणि त्याला कळलं.

तो एका तुळईवर बसला.

"बहिणीच्या अंगात रक्त नाही म्हणून आई तिला रोज पालक द्यायची. याच वाफ्यातला. तिला नको असायचा, तर आई समोर बसून संपवायला लावायची." मग माझा हात घट्ट धरून म्हणाला, "आईला हे कळता कामा नये. कधीच."

त्याचं आणि आईचं रक्त तपासून घ्यायचं, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. आईला तो साखर तपासायची आहे असं सांगणार होता. घर बागेसाठी जातंय, इतकंच त्याने तिला सांगितलं. पण घर पाडायच्या कागदावर सही माझी आहे, हे तिला कुठून तरी कळलंच.

सामानाचा टेम्पो भरला, त्या सकाळी मी गेले. तो टेम्पोमागे आला.

"तुला आमच्या घरी आणायचं होतं मला," तो म्हणाला. "पण रोज तुझ्याकडे बघून आई विचारणार, का केलंस? आणि एक दिवस आपल्यापैकी कुणाच्या तरी तोंडून..."

"मी कधीच सांगणार नाही."

"माहीत आहे. माझाच मला भरवसा नाही."

माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं मी कुणाला पहिल्यांदाच म्हणत होते. "माझंही," तो म्हणाला — एखाद्याने दुखण्याचं नाव सांगावं तसं.

तेवढ्यात आई बाहेर आली. माझ्यासमोर थांबली.

"तुला लेकीसारखं मानलं होतं मी," ती म्हणाली. "माझी पोर याच घरात गेली. तिची तेवढीच खूण उरली होती. लोकांना फिरायला जागा हवी म्हणून तीही पुसलीत?"

एक वाक्य पुरलं असतं. तो तिच्या मागे उभा होता, डोळे माझ्यावर खिळवून.

"चुकलं माझं, आई," मी म्हणाले.

"आई म्हणू नकोस मला," ती म्हणाली, आणि मुलाच्या हाताचा आधार घेऊन टेम्पोत चढली.