तिसरा खरेदीदार

"नाही गं आई, ‘ऑक्युपे’ म्हणजे आत भाडेकरू आहे. पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू!"

सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या लायब्ररीत शेजारच्या टेबलावरून अस्सल मराठी ऐकू आलं आणि अश्लेषाची मान आपोआप वर झाली. एक तरुण फोनवर दबक्या आवाजात बोलत होता. समोर कागदांची चळत होती, वर लहानसा फ्रेंच शब्दकोश.

अश्लेषा कोणाच्या बोलण्यात तोंड घालणारी नव्हती. पण रसायनशास्त्राच्या संशोधनासाठी ती चार वर्षं फ्रान्समध्ये राहिली होती, आणि बाटलीवर चुकीची चिठ्ठी दिसली की तिला पुढे जाताच येत नसे. त्याचा फोन संपल्यावर त्याच्या समोरच्या कागदावर एक नजर टाकून ती हळूच म्हणाली,

"माफ करा... पण भाडेकरू नाही. घराची मालकीणच राहते तिथे."

तो आधी तिच्याकडे पाहत राहिला, मग कागदांकडे. मग खुर्ची उचलूनच तिच्या टेबलापाशी आला.

त्याचं नाव प्रबोध. राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, हौगांगला. विमा कंपनीत कामाला. माणसं सरासरी किती वर्षं जगतात, याचे तक्ते मांडणं हा त्याचा व्यवसाय. कंपनीनं फ्रान्समधल्या ल्यों शहरात बदली देऊ केली होती. "इथे मला धरून ठेवणारं कोणी नाही," असं तो अगदी सहज म्हणाला. म्हणून त्यानं ल्योंजवळच्या खेड्यातलं एक छोटंसं घर इंटरनेटवर पाहून ठरवूनही टाकलं होतं. सिंगापूरमध्ये भाडेकरूसकट फ्लॅट विकतात, तसंच हे असेल, अशी त्याची समजूत.

अश्लेषानं पहिलं पान वाचलं. "याला ‘व्हियाजे’ म्हणतात. विकणारी बाई मरेपर्यंत तिथेच राहणार. दर महिन्याला तुम्ही तिला पैसे द्यायचे. ती गेली की घर तुमचं."

"म्हणजे... मी तिच्या मरणाची वाट बघत बसायची?"

"कागदावर तसं लिहीत नाहीत. पण हो."

"आणि हा ‘बुके’ काय? फुलं पाठवायची बाईंना?"

"सुरुवातीची एकरकमी रक्कम."

"हात् तिच्या! फुलं परवडली असती."

ती हसली. लायब्ररीत, मोठ्यानं. मग स्वतःच दचकली.

"सही केलीत का?"

"केली. दोघांच्या सह्यांची प्रत कालच हातात आली."

"मग आज पहिला दिवस. दहा दिवसांच्या आत रजिस्टर्ड पत्र टाकलं तर व्यवहार मोडता येतो. नंतर नाही."

"मोडू की नको, हे सगळं वाचल्यावरच कळेल ना," तो म्हणाला. "तुम्ही... वाचाल?"

तिनं पर्समधून पेन्सिल काढली.

मग रोज संध्याकाळी तेच टेबल. काचेबाहेर पाऊस, आत गार हवा, मधे कागद. रोज चार पानं. नंतर समोरच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कॉफी. तो तिच्या बशीतला टोस्ट न विचारता उचलायचा आणि ती न रागावता दुसरा मागवायची. दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "अहो-जाहो पुरे आता. आपण दोघं मिळून एका बाईचं आयुष्य मोजतोय, एवढी ओळख खूप झाली."

"तू मोजतोयस. मी फक्त वाचतेय."

"बरं बाई, तू वाच."

त्या ‘तू’नंतर अश्लेषाला कळून चुकलं, हा आपल्याला आवडू लागलाय. म्हणूनच तिनं ठरवलं, घर घे किंवा घेऊ नको, हे आपण सांगायचं नाही. काटा आधीच एका बाजूला कललेला असेल, तर त्या तराजूवर वजन करायचं नसतं.

चौथ्या दिवशी घराच्या आधीच्या खरेदी-विक्रीचं पान आलं. ते वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. हे घर याआधी दोनदा याच पद्धतीनं विकलं गेलं होतं. पहिला खरेदीदार, वय अडतीस. सात वर्षांत वारला. वारसांनी पैसे भरायचं सोडलं, करार मोडला, घर परत बाईंकडे. दुसरा, वय एकेचाळीस. नऊ वर्षांत वारला. घर परत बाईंकडे. बाई आता एक्याण्णव वर्षांच्या. प्रबोध चौतीसचा.

"दोन म्हणजे काही नमुना झाला नाही," प्रबोध म्हणाला. "दोनावरून कोणी निष्कर्ष काढत नाही."

"नाहीच," ती म्हणाली.

दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं. तरी पान उलटायला कोणाचाच हात पुढे झाला नाही.

सातव्या दिवशी, शनिवारी, बाईंशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. हौगांगला प्रबोधच्या ब्लॉकखाली मोकळी जागा होती, तिथल्या दगडी टेबलावर त्यानं लॅपटॉप ठेवला. इथे दुपारचे चार, तिकडे सकाळचे दहा. अश्लेषा मुद्दाम कॅमेऱ्याच्या बाहेर बसली. तिनं फक्त अर्थ सांगायचा होता.

पडद्यावर स्वयंपाकघर दिसलं. पांढऱ्या केसांची, ताठ कण्याची बाई. पाठीमागे जेवणाचं टेबल, त्यावर तीन ताटल्या मांडलेल्या.

"पाहुणे येणार आहेत?" अश्लेषानं फ्रेंचमध्ये विचारलं.

"माझे खरेदीदार," बाई म्हणाल्या. "दोघं रोज असतात. तिसरी ताटली या साहेबांची. यांना मीठ कमी लागतं का?"

अश्लेषानं जसंच्या तसं सांगितलं. प्रबोध हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

मग बाईंनी मान किंचित वळवली — अश्लेषा जिथे बसली होती, बरोबर त्या बाजूला.

"ती लाल पेन्सिल खाली ठेव, मुली."

अश्लेषानं हाताकडे पाहिलं. पेन्सिल लालच होती. आणि ती बाईंना दिसणं शक्य नव्हतं.

"त्या दोघांनाही कागद वाचून दाखवणारी एकेक मुलगी होती," बाई अगदी मायेनं म्हणाल्या. "दोघींचाही जीव जडला होता. दोघीही गप्प राहिल्या. तूही बोलणार नाहीस ना...? मग ठीक आहे."

पडदा काळा झाला.

"काय म्हणाल्या शेवटी?" प्रबोधनं विचारलं.

"हवामान," अश्लेषा म्हणाली. "तिकडचं हवामान."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं समोर घडलेल्या गोष्टीची खोटी नोंद केली होती.

रविवारी ती गेली नाही. सोमवारी प्रयोगशाळेत काम आहे, असं तिनं कळवलं. प्रयोगशाळेत तिनं एकच द्रावण तीनदा मोजलं. तीनदा वेगळं उत्तर आलं. रात्री प्रबोधचा निरोप आला — "तू येत नाहीस, म्हणजे सगळं वाचून झालं असं समजतो. घर ठेवतोय. उद्या संध्याकाळी कंपनीला हो कळवतो."

उद्या दहावा दिवस होता.

मंगळवारी दुपारी तिनं प्रयोगशाळेतला पांढरा कोट खुंटीला अडकवला आणि त्याला फोन लावला. "जुरोंग ईस्टच्या पोस्टात ये. आत्ता. पाच वाजता बंद होतं."

तो आला तेव्हा साडेचार झाले होते. छत्री असूनही एक खांदा ओला. ती पोस्टाच्या दारातच उभी होती.

"प्रबोध, मी तुला एक वाक्य चुकीचं सांगितलं. त्या हवामानाबद्दल बोलत नव्हत्या."

तिनं सगळं सांगितलं. शब्दाला शब्द, क्रमानं.

"आणि हे ऐक," ती म्हणाली. "मी सल्ला देत नाहीये. घर घे, ल्योंला जा. फक्त... मला तू आवडतोस. हे माहीत असताना काय ते ठरव. एवढंच."

"त्या म्हातारीला घाबरून बोलतेयस?"

"बोलायचं धाडस घाबरल्यामुळे आलं. बाकीचं आधीपासून होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. साधारण साडेसहाला."

तो हसायला लागला. डोळे भरून आले, तरी हसतच राहिला. "वेळेसकट! मग नोंद करून घे, मी एक दिवस पुढे आहे. पहिल्या दिवसापासून. उगाच का गं, एका सहीनं मोडणाऱ्या कागदाची रोज चार-चार पानं तुझ्याकडून वाचून घेतली?"

"मग घर ठेवतोय असं का लिहिलंस?"

"तू यायची थांबलीस म्हणून. मग इथे काय राहिलं होतं माझं?"

"आणि कंपनी?"

"‘हो’ लिहून ठेवलंय. पाठवलेलं नाही." त्यानं फोन काढला आणि तिच्यादेखत तो मजकूर पुसून टाकला.

काउंटरवर रेलून तिनं चार ओळींचं फ्रेंच पत्र लिहिलं. त्यानं सही केली. पलीकडच्या चिनी आँटीनं पाकीट उलटंसुलटं पाहिलं. "रजिस्टर्ड, फ्रान्स? वा, सो फार लाह!" ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. शिक्का बसला. चार वाजून एकावन्न मिनिटं.

पावती घडी करताना प्रबोधचा फोन वाजला. फ्रान्सचा नंबर.

पत्र अजून आँटीच्या हातातच होतं.

त्यानं अश्लेषाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण तिनं हात पुढे केला आणि पहिल्यांदाच त्याची बोटं आपल्या बोटांत घट्ट धरली.

"वाजू दे," ती म्हणाली.

फोन बराच वेळ वाजत राहिला. पोस्टातली माणसं वळून पाहू लागली. ती दोघं तशीच उभी होती. मग फोन थांबला. तिनं हात सोडला नाही.